‘लाइन ऑफ ड्यूटी’, सीझन सहा : चौथा माणूस आणि बाबांचं ऑडिट

बीबीसीने ‘लाइन ऑफ ड्यूटी’चा सातवा सीझन येणार असल्याचं जाहीर केलं, आणि मी सहावा सीझन पुन्हा पाहायला घेतला. सातही भाग, रोज रात्री एक. 2021 साली तो लागला तेव्हा दर रविवारी रात्री नऊची वाट पाहत बघितला होता. तेव्हा शेवटावरून इथे, म्हणजे इंग्लंडमध्ये, केवढा गदारोळ झाला होता! आमच्या रेडिंगच्या गल्लीत, ऑफिसच्या कॉलवर, मुलीच्या शाळेत, सगळीकडे एकच सूर होता : फसवलं आपल्याला. माझं मत तेव्हाही वेगळं होतं आणि आता दुसऱ्यांदा पाहिल्यावर ते पक्कं झालंय. म्हणून हे लिहितेय. शेवट सांगितल्याशिवाय मला यावर काहीच लिहिता येणार नाही. ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांनी आधी पाहा, मग या.

मालिका पोलिसांची आहे, पण चोर पकडणाऱ्या पोलिसांची नाही. पोलिसांना पकडणाऱ्या पोलिसांची आहे. एसी-12 नावाचं भ्रष्टाचारविरोधी पथक. त्याचा प्रमुख सुपरिटेंडंट टेड हेस्टिंग्ज, आणि हाताखाली स्टीव्ह आर्नट आणि केट फ्लेमिंग. शहराचं नाव कधीच सांगत नाहीत, नुसतं ‘सेंट्रल पोलीस’. 2012 मध्ये बीबीसी टूवर सुरू झाली, 2017 च्या चौथ्या सीझनपासून बीबीसी वनवर आली. लेखक जेड मर्क्युरिओ. दर सीझनला एक नवा अधिकारी संशयात येतो आणि ती भूमिका कुणीतरी मोठा नट किंवा नटी करते. पण आतून सगळ्या सीझनना जोडणारा एकच धागा आहे : संघटित गुन्हेगारांना खात्याच्या आतून मदत कोण करतंय?

तिसऱ्या सीझनच्या शेवटी डॉट कॉटन हा आतला माणूस मरतो. मरताना केट त्याचा जबाब कॅमेऱ्यावर घेते. त्यातून ‘एच’ हे अक्षर निघतं आणि मग इंग्लंडभर लोक एच शोधायला लागतात. हेस्टिंग्ज, हिल्टन, हंटली, मालिकेत एचने सुरू होणारी आडनावं पैशाला पासरी. पाचव्या सीझनमध्ये त्याच चित्रफितीकडे पुन्हा बघितल्यावर कळतं, की डॉट मरताना बोटाने टकटक करत होता. मोर्सच्या लिपीत चार टिंबं, म्हणजे एच. पण चार टिंबं म्हणजे चार माणसंही. एक डॉट स्वतः, दुसरा वरिष्ठ पोलीस अधिकारी हिल्टन, तिसरी वकील गिल बिगलो. चौथा कोण, हे शोधण्यासाठी सहावा सीझन.

मी ही मालिका एकटी पाहत नव्हते. म्हणजे घरात नवरा आणि मुलगी होतेच, पण खरा जोडीदार कराडला होता. माझे बाबा. त्यांना बीबीसी दिसत नव्हतं. त्यांनी तोवर या मालिकेचं एक दृश्यही बघितलेलं नव्हतं. मी सोमवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत फोन लावायचे, इथे साडेबारा म्हणजे तिकडे पाच, आणि त्यांना अख्खा भाग सांगायचे. ते चहा घेत ऐकायचे. हे पाचव्या सीझनपासून चालू होतं. आधी मी सहज सांगितलं होतं, की बाई काय भारी चौकशी करतात, समोरच्याला कागद दाखवून दाखवून घाम फोडतात. तर बाबा म्हणाले, “कसले कागद? नीट सांग.” तेव्हापासून नीट सांगायची सवय लागली.

बाबा सहकार खात्यात लेखापरीक्षक होते. उभा जन्म विकास सोसायट्या आणि पतसंस्थांच्या किर्दी-खतावण्या तपासण्यात गेला. कलम 83 ची चौकशी, कलम 88 ची जबाबदारी निश्चिती हे शब्द मी लहानपणी पाढ्यांसारखे ऐकलेत. त्यामुळे एसी-12 ची ती काचेची खोली, टेबलावरच्या फायली, रेकॉर्डर सुरू करताना वाजणारा तो लांबलचक बीप, “कागदपत्र क्रमांक अमुक तुमच्या फोल्डरमध्ये आहे” हे सगळं त्यांना न बघताच दिसायचं. मी सांगितलं, की ज्याची चौकशी चालू आहे तो अधिकारी म्हणू शकतो, माझ्यापेक्षा निदान एक पायरी वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच मला प्रश्न विचारावेत. बाबा एकदम खूश. “बरोबर आहे. आपल्याकडंही खालच्या माणसानं वरच्याची चौकशी करायची नसते. हे लेखकानं अभ्यास करून लिहिलंय.”

आणि खरंच, या मालिकेचं सगळ्यात मोठं बळ काय असेल तर या चौकशीच्या खोल्या. पाठलाग, गोळीबार हे सगळं आहेच, ते इतरत्रही मिळतं. पण चार-पाच माणसं टेबलाभोवती बसलीत, कुणी उठत नाही, कुणी ओरडत नाही, आणि आपण अर्धा तास श्वास रोखून बसलोय, हे मी दुसरीकडे क्वचितच अनुभवलंय. सहाव्या सीझनच्या सहाव्या भागात जो डेव्हिडसन या पोलीस अधिकारी बाईची चौकशी जवळपास तेवढी चालते. ती भूमिका करणाऱ्या केली मॅकडोनाल्डने त्या खुर्चीत बसून जे केलंय त्यासाठी तो एक भाग दोनदा बघावा. चेहऱ्यावर फार काही करत नाही. गळ्याजवळ, श्वासात, पापण्यांत सगळं चालू असतं. आपण इतकी वर्षं ज्याला बाप समजत होतो तो आपला बाप नव्हताच, हे तिला त्या खोलीत, परक्या लोकांसमोर, एका डीएनएच्या कागदावरून कळतं. मी दुसऱ्यांदा बघताना आवाज बंद करून तो प्रसंग पुन्हा लावला. तरी कळतो.

तर, आठवडे.

पहिला भाग 21 मार्च 2021 ला लागला. कोविडमुळे चित्रीकरण सहा महिने थांबून मग बेलफास्टमध्ये पूर्ण झालेलं होतं, त्यामुळे भूक फार होती. पहिल्याच भागात ‘चिस’ हा शब्द इतक्या वेळा आला, की दुसऱ्या दिवशी आमच्या पेरोलच्या टीममध्ये निम्मा कॉल त्यावरच गेला. गुप्तपणे माहिती पुरवणाऱ्या खबऱ्याला ते असं म्हणतात. ओसीजी, एसआयओ, एएफओ, एमआयटी... आद्याक्षरांचा पाऊस. नवीन माणसाला हे जड जातं, हा दोष मी मान्य करते. माझा उपाय म्हणजे सबटायटल लावून बघायचं. आणि अर्ध्या आद्याक्षरांचा अर्थ कळला नाही तरी गोष्ट हातातून सुटत नाही.

या सीझनची गोष्ट अशी आहे : गेल व्हेला नावाच्या पत्रकार बाईचा खून झालाय. ती पोलिसांतल्या भ्रष्टाचारावर काम करत होती. तपास जो डेव्हिडसनकडे आहे, आणि तो तपास मुद्दाम भरकटवला जातोय. जोच्या वरचा साहेब म्हणजे डिटेक्टिव्ह सुपरिटेंडंट इयन बकल्स. गबाळा, आळशी, सगळ्यांच्या मागून चालणारा. पहिल्या सीझनमध्येही होता, चौथ्यातही होता, आणि प्रत्येक वेळी आपण त्याला विसरलो होतो. सुरुवातीच्याच भागांत संशय त्याच्यावर येतो, त्याच्या गाडीत फायली सापडतात, त्याला अटक होते. आपल्याला मात्र कळतं, की हे त्याला अडकवण्यासाठी केलंय. झालं, बकल्स यादीतून गेला. आमच्या घरात तरी त्या दिवसानंतर कुणी त्याचं नाव घेतलं नाही.

मग अंदाज सुरू झाले. माझी मुलगी तेव्हा पंधरा वर्षांची, ती हेस्टिंग्जवर ठाम. “आई, ज्याच्यावर सगळ्यात जास्त प्रेम आहे तोच निघणार.” ती हे बोलायची आणि मला खरंच वाईट वाटायचं, कारण एड्रियन डनबारचा हेस्टिंग्ज मला आवडतो. उत्तर आयर्लंडचे ते हेल, “मदर ऑफ गॉड” म्हणत कपाळाला हात लावणं, आणि आतमध्ये एक अपराध दाबून ठेवलेला म्हातारा होत चाललेला माणूस. नवरा म्हणायचा, चीफ कॉन्स्टेबल ऑसबोर्न. शेजारच्या घरातल्या आजी, कुंपणापलीकडून, अंतर राखून, ठामपणे कारमायकल. पेट्रिशिया कारमायकल म्हणजे ॲना मॅक्सवेल मार्टिनने केलेली वरिष्ठ अधिकारी, गोड हसून गळा कापणारी. ती खोलीत आली की आमच्या घरातले तिघंही सरसावून बसायचे. शेजारच्या आजींना ती इतकी आवडत नव्हती, की तीच गुन्हेगार असावी अशी त्यांची मनापासून इच्छा होती. मला वाटतं पुष्कळ अंदाजांच्या मागे हेच असतं. आपण पुरावा बघत नाही, आपल्याला कोण नको आहे ते बघतो.

चौथ्या भागात जोचा डीएनए कुणाशी तरी जवळच्या रक्ताच्या नात्याने जुळतो एवढंच सांगून भाग संपवला. त्या आठवड्यात इंग्लंडमध्ये प्रत्येक पात्र जोचा बाप होऊन गेलं. पाचव्यात मार्कस थर्वेल या जुन्या अधिकाऱ्याचं नाव आलं आणि पडद्यावर त्याचा फोटो दाखवला. फोटो जेम्स नेस्बिटचा! एवढा नावाजलेला नट नुसत्या फोटोपुरता कशाला घेतील? म्हणजे हाच चौथा माणूस, सोमवारी सगळ्यांचं एकमत. पुढच्या रविवारी थर्वेल स्पेनमधल्या घरात मेलेला निघाला. नेस्बिट एका सेकंदासाठीही हलताबोलता दिसला नाही. लेखकाने प्रेक्षकाच्या हुशारीचाच सापळा लावला होता. आपण गोष्टीतले पुरावे सोडून नटांचं वजन मोजतो, हे त्याला ठाऊक होतं.

पाचवा भाग संपला तो अंधाऱ्या ट्रकतळावर, रायन पिलकिंग्टन आणि केट एकमेकांवर पिस्तूल रोखून उभे, दोन गोळ्यांचे आवाज, आणि पडदा काळा. रायन म्हणजे पहिल्या सीझनमधला तो सायकलवरचा पोरगा, ज्याने स्टीव्हची बोटं कापायचा प्रयत्न केला होता. टोळीने त्याला वाढवला, पोलिसांत भरती केला. नऊ वर्षं तोच नट, त्याचा चेहरा आपल्यासमोर वाढलेला. असं धीराने पेरलेलं मला फार आवडतं. मुलगी त्या रात्री झोपली नाही. मीही नाही.

पण माझं झोप न लागण्याचं कारण तेवढंच नव्हतं. तो एप्रिल होता. महाराष्ट्रात दुसरी लाट. 14 एप्रिलपासून तिकडे पुन्हा कडक निर्बंध लागले होते, आणि 23 एप्रिलला ब्रिटनने भारताला लाल यादीत टाकलं. म्हणजे गेले तर परत येताना हॉटेलात दहा दिवस, आणि जायचं कसं, काय, सगळंच अवघड. आई तापाने फणफणलेली, मागच्या खोलीत वेगळी. बाबा भात-वरण करून दाराशी ठेवायचे. 19 तारखेच्या सोमवारी मी फोन केला तो फक्त आईची चौकशी करायला. ऑक्सिमीटर किती, खोकला किती. सगळं सांगून झाल्यावर बाबा म्हणाले, “हां. आता सांग, गोळी कुणाला लागली?” मी म्हटलं बाबा, ते पुढच्या रविवारी कळेल. तर म्हणाले, “मग बरं. म्हणजे रविवारपर्यंत थांबायला पाहिजे.”

आई बरी झाली. हे आधीच सांगून टाकते.

26 तारखेला मी त्यांना सहावा भाग सांगितला. त्यात एक बारीक गोष्ट होती. चौथा माणूस टोळीशी ज्या गुप्त संदेशांतून बोलायचा, त्यात ‘डेफिनेटली’ या इंग्रजी शब्दाचं स्पेलिंग दर वेळी चुकलेलं असायचं. मधल्या ‘आय’च्या जागी ‘ए’. हे पाचव्या सीझनपासून पडद्यावर होतं. हेस्टिंग्जनेही एकदा तसंच लिहिलं होतं, म्हणून त्याच्यावर संशय. तो म्हणतो, मी मुद्दाम नक्कल केली, समोरच्याला विश्वास वाटावा म्हणून.

बाबा गप्प झाले. मग त्यांनी विचारलं, “तो पहिला साहेब कुठं आहे? तो गबाळा. ज्याला अटक केलेली.”

“बकल्स? तुरुंगात आहे. त्याला तर अडकवलं होतं बाबा.”

“त्याच्या गाडीतल्या फायली खोट्या असतील. म्हणून माणूस खरा होतो का?”

मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली जी मी आधी कधी ऐकली नव्हती. त्यांच्या नोकरीतल्या सुरुवातीच्या वर्षांतली, एका गावच्या सोसायटीची. पैशांचा मेळ बसत नव्हता. गावाचा संशय चेअरमनवर, कारण त्याचा वाडा, त्याची जीप, त्याचा दरारा. सचिव मात्र धांदरट म्हणून प्रसिद्ध. शाई सांडणारा, पावत्या हरवणारा, बेरजा चुकवणारा. आधीच्या प्रत्येक ऑडिटमध्ये त्याच्या नावापुढे दोषदुरुस्तीचे शेरे, आणि प्रत्येक वेळी “कामात सुधारणा करावी” एवढ्यावर सुटलेला. बाबांनी तीन वर्षांच्या किर्दी घरी आणून सगळ्या चुकलेल्या बेरजा एका कागदावर लिहून काढल्या. “त्याच्या बेरजा नेहमी चुकायच्या,” बाबा म्हणाले, “पण एकदाही सोसायटीच्या फायद्याच्या चुकल्या नाहीत.”

नंतर म्हणाले, “मोठा साहेब स्वतः टाइप करत बसत नाही बाळ. स्पेलिंग चुकलंय म्हणजे लिहिणारा स्वतः लिहितोय, आणि त्याचं कुणी तपासत नाहीये. जो माणूस काही न करता वर चढत गेलाय, त्याची फाईल बघायला सांग त्यांना.”

मी हे घरात सांगितलं. कुणाला पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही. बकल्स हे उत्तर फार लहान वाटत होतं. सहा सीझन, नऊ वर्षं, एवढे खून, आणि शेवटी बकल्स?

2 मे. शेवटचा भाग. तुरुंगातून कैद्याला एसी-12 मध्ये आणतात. कॅमेरा पाय दाखवतो, पाठ दाखवतो, हातकड्या, रक्षक, काचेचं दार. चेहरा दाखवायला किती लांबवलंय! दार उघडतं. राखाडी कपड्यांत बकल्स.

आमच्या दिवाणखान्यात कुणीच काही बोललं नाही. मग मुलगी म्हणाली, “आजोबा!” आणि माझ्या अंगावर काटा आला. तिकडे कराडला रात्रीचा दीड वाजून गेला होता. मी तरीही मेसेज टाकला : तुमचा सचिव निघाला.

त्या भागाला 1 कोटी 28 लाख प्रेक्षक होते. सोप म्हणजे वर्षानुवर्षं चालणाऱ्या कौटुंबिक मालिका सोडून बाकी कुठल्याही नाट्यमालिकेला इथे 2002 पासूनच्या नोंदींत एवढे प्रेक्षक मिळाले नव्हते. आणि त्यातले किती चिडले! सोमवारच्या कॉलवर माझा एक सहकारी खरोखर दुखावलेला होता. त्याचं म्हणणं, नऊ वर्षं मी एका सूत्रधाराची वाट पाहिली आणि मला एक कारकून दिला. कुंपणापलीकडच्या आजी दोन दिवस मालिकेबद्दल बोलल्याच नाहीत. या रागाला मी हसणार नाही. तो प्रेमातून आलेला होता. इतक्या रविवारी जागून, टिपणं काढून, घरातल्या माणसांशी पैजा लावून ज्यांनी ही गोष्ट जपली, त्यांना वाटलं की आपल्या मेहनतीच्या तोलाचं उत्तर मिळालं नाही.

पण मला वाटतं उत्तर त्याच तोलाचं आहे. फक्त आपण वजन चुकीच्या बाजूला टाकलं होतं. बकल्स तिथे बसून आधी “नो कॉमेंट” म्हणतो, मग हळूहळू त्याच्या तोंडावर एक हसू येतं. मूर्ख म्हणून सगळ्यांनी ज्याला वगळलं त्या माणसाचं ते हसू. नायजेल बॉयलने ते हसू असं हसलंय की आधीची सगळी गबाळी दृश्यं पुन्हा आठवून बघावी लागतात. तो सूत्रधार नाहीच. तो निरोप पोचवायचा, पैसे घ्यायचा. त्याच्या वर कुणी महापुरुष बसलेला नाही. वर आहे ती खात्याची सवय : असल्या माणसाला सांभाळून घ्यायची, बढती देऊन दुसरीकडे ढकलायची, आणि चूक झाली की “चूकच झाली” म्हणून फाईल बंद करायची.

आणि हे हवेतलं नाही. या सीझनच्या पोटात लॉरेन्स ख्रिस्टोफर या कृष्णवर्णीय तरुणाच्या खुनाचा जुना, मुद्दाम वाया घालवलेला तपास आहे. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या कुणालाही हे नाव ऐकून स्टीफन लॉरेन्स आठवल्याशिवाय राहत नाही. 22 एप्रिल 1993 ला दक्षिण-पूर्व लंडनमध्ये बसस्टॉपजवळ त्या अठरा वर्षांच्या मुलाला भोसकून मारलं. 1999 च्या मॅकफर्सन अहवालाने पोलीस तपास का फसला याची जी कारणं दिली, त्यांत खात्यात मुरलेल्या वर्णद्वेषाबरोबर आणि वरिष्ठांनी नेतृत्व न करण्याबरोबर चक्क अकार्यक्षमताही आहे. मी या देशात आले तेव्हा हा अहवाल जुना झाला होता. तो मी या मालिकेमुळे वाचला. त्यानंतर बकल्सकडे बघितलं की तो शेवट लहान वाटत नाही. थर्वेल आणि बकल्स, दोघंही त्या तपासावर होते. ज्या देशाने आपल्या मनाने एक महाखलनायक रंगवून ठेवला होता त्याला लेखकाने सांगितलं, तुमच्याच अहवालात लिहिलेलं उत्तर हेच होतं.

आता दोष. शेवटच्या भागात रहस्य उलगडण्याआधीचा जो तुरुंगाच्या गाडीवरच्या हल्ल्याचा भाग आहे तो घाईत उरकलाय. आधीच्या सीझनमध्ये असला प्रसंग अंगावर यायचा, इथे तो फक्त होऊन जातो. स्टीव्हच्या पाठीचं दुखणं आणि वेदनाशामक गोळ्यांचं व्यसन सहा भाग वाढवत नेलं आणि शेवटी एका संभाषणात मिटवलं. मार्टिन कॉम्पस्टनने ते इतकं सांभाळून केलं होतं, त्याला याहून जास्त मिळायला हवं होतं. जोला शेवटी खेड्यातलं घर, जोडीदार आणि कुत्रा मिळतो. तिने जे भोगलंय त्यानंतर ते मिळावं असं मलाही वाटतं, पण ते एका चित्रात दाखवून मोकळे झाले. आणि ऑसबोर्न. तो चीफ कॉन्स्टेबल तसाच राहतो, तसाच बोलत राहतो. हा दोष आहे की मालिकेचा सगळ्यात कडू मुद्दा, यावर आमच्या घरात अजून वाद होतो. शेवटच्या पाट्यांत सांगतात की एसी-12 चे हात आता पूर्वी कधी नव्हते इतके दुबळे झालेत. मी तो मुद्दाच मानते. नवरा मानत नाही.

2022 च्या उन्हाळ्यात आई-बाबा इकडे आले. बाबांना मी पहिल्या सीझनपासून दाखवायला घेतलं. दुपारी, सबटायटल लावून, मध्ये मध्ये थांबवून. केट त्यांना सगळ्यात आवडली. “ही कमी बोलते आणि समोरच्याला बोलू देते.” स्टीव्हचे वेस्टकोट त्यांना फार पसंत पडले. हेस्टिंग्जला त्यांनी शेवटपर्यंत माफ केलं नाही. त्याने त्याच्याकडे आलेले 50 हजार पौंड मारल्या गेलेल्या एका पोलिसाची बायको स्टेफ कॉर्बेट हिला देऊन टाकले हे त्यांना खटकलं. “पैसे कुठून आले हे न सांगता दान केलं तरी ते जमेच्या बाजूला येत नाही.” मी हेस्टिंग्जच्या बाजूने पुष्कळ भांडले. शेवटच्या भागात काचेचं दार उघडलं तेव्हा मी टीव्हीकडे न बघता बाबांकडे बघत होते. ते पुढे वाकले, चष्मा वर केला, आणि बकल्सला बराच वेळ निरखून म्हणाले, “हां. असाच बसायचा तो.”

कुणी पहिल्यांदा पाहणार असेल तर माझं सांगणं : सरळ सहाव्या सीझनपासून सुरू करू नका, हातात काही लागणार नाही. पहिला सीझन पाच भागांचा आहे, तिथून धरा. दुसऱ्या सीझनमधली कीली हॉजची लिंडसे डेंटन ही माझ्या मते अख्ख्या मालिकेतली सर्वोत्तम भूमिका. तिच्यासाठी तरी. इथे असाल तर बीबीसीच्या आयप्लेयरवर सगळं आहे. आणि जमलं तर एका बैठकीत संपवू नका. आठवड्यातून एक भाग बघा, मधल्या दिवसांत कुणाला तरी ती गोष्ट तोंडी सांगा. सांगताना ज्या गोष्टी तुमच्या लक्षात राहिल्या नाहीत, त्याच बहुतेक लेखकाने लपवलेल्या असतात. मी सहाव्या सीझनच्या सुरुवातीला बाबांना बकल्सबद्दल जेमतेम दोन वाक्यं सांगितली होती. त्यांनीच विचारून विचारून बाकीचं काढून घेतलं.

सातव्या सीझनची बातमी आली त्यानंतरच्या सोमवारीही फोन केला. सांगितलं, की तिघंही परत येतायत, पण एसी-12 बरखास्त झालंय आणि त्याच कामाला आता नवं नाव दिलंय. बाबा आता थोडं कमी ऐकतात, मला दोनदा सांगावं लागलं. मग म्हणाले, “नाव बदललं, बरं. जुन्या फायली कुणाच्या ताब्यात दिल्या ते पहिल्या भागात बघून ठेव.”